मोटारींची जोडी आणि कोंडाईबारीचा उतार

आमच्या भाऊबंदांत बी. ए. झालेला पहिला माणूस मी. हे मी पुढेही सांगत राहीन, कारण ते मी कमावलं आहे. सुरतेला राहून, स्वतःच्या हातच्या भाकरी खाऊन कमावलं आहे. गावात मात्र पदवीचा अर्थ ज्यानं त्यानं आपल्या सोयीनं लावला. कुणी कोर्टाचा कागद घेऊन यायचं, कुणी आजारी म्हैस दाखवायला न्यायचं. शिकलेला माणूस म्हणजे त्याला सगळंच कळत असणार. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझ्यापुढे मोटारी ठेवल्या.

आमचं घर तापीकाठच्या प्रकाशा गावचं. शेती होती, पण नाव होतं ते गाड्यांचं. आबा आणि काका, दोघे भाऊ, बैलगाड्यांनी आसपासच्या गावांतला शेंगदाणा आणि मिरची नंदुरबारच्या स्टेशनला पोचवायचे. परतताना देवळांना येणारे यात्रेकरू आणायचे. महायुद्ध संपलं आणि या रस्त्यावर लॉऱ्या दिसायला लागल्या. आमची गाडी दिवस मोडून जिथं पोचायची तिथं लॉरी न्याहारीच्या वेळेला उभी असायची. व्यापारी आबांना रामराम करायचे आणि पोती लॉरीत घालायचे. तेव्हा दोघा भावांनी ठरवलं, आपणही दोन मोटारी घ्यायच्या. उघड्या लॉऱ्या नकोत. पत्र्याच्या बंद गाड्या हव्यात, ज्यांना तेव्हा सुरतेकडचे लोक व्हॅन म्हणायचे. मिरची भिजणार नाही, आणि फळी टाकली की माणसंही बसतील.

त्यातली एक गाडी माझा थोरला भाऊ चालवणार होता. त्याला मी दादा म्हणायचो. दादानं नंदुरबार-शहाद्याच्या सर्व्हिस मोटारीवर वर्षभर हात बसवला होता. हात चांगला होता, पण तो सपाटीवरचा. त्या रस्त्यात तापी आडवी येते, डोंगर येत नाही.

निघायच्या सकाळी वहिनीनं, दादाच्या बायकोनं, मला ओट्यावर गाठलं. भाकऱ्यांचं गाठोडं हातात देत ती हळूच म्हणाली, "भाऊ, तुम्ही शिकेल शेतस. गाडी नीट दखी ल्या. तिन्हावर बठनार तर ह्याच शेतस."

मी मान हलवली. मोटारीची भीती मला आधीपासूनच होती.

त्याला कारण होतं. कॉलेजच्या एका सुट्टीत मी कामानिमित्त धुळ्याला गेलो होतो आणि मोटारीनं परत येत होतो. विसरवाडीच्या अलीकडे कोंडाईबारीचा घाट उतरताना गाडीतल्या लोकांनी एकदम डावीकडे माना वळवल्या, म्हणून मीही बघितलं. खाली सागाच्या झाडांत एक लॉरी उलटी पडली होती. चारी चाकं आभाळाकडे. कधी पडली, कुणाची, कोण होतं तिच्यात, कुणालाच माहीत नव्हतं. एका चाकावर कावळा बसला होता, आणि त्याच्या वजनानं ते चाक किंचित फिरत होतं. तेव्हापासून मोटारीत बसलो की मला ती चाकं दिसायची. आता त्याच घाटात आमच्या मोटारींची परीक्षा व्हायची होती.

जागा आबांनीच ठरवली होती. सुरतेकडचा एक व्यापारी जुन्या मोटारी विकायचा. तो तीन गाड्या घेऊन विसरवाडीला येणार होता. आबा म्हणाले, गाड्या तिथंच बघू, घाट जवळ आहे. बैलाची पारख चढावर होते, तशी मोटारीचीही, एवढं सोपं त्यांचं म्हणणं: "बैल कळस चढवर, आन सोयरा कळस लगीनमा."

विसरवाडीच्या नाक्यावर चहाच्या टपरीपुढे तिन्ही गाड्या उभ्या होत्या. दोन धुरकट हिरव्या, अगदी एकसारख्या. तिसरी निळी, जरा ठेंगणी. व्यापारी पांढऱ्या टोपीचा, हसऱ्या तोंडाचा होता. आबांना बघताच तो एका हिरव्या गाडीच्या बॉनेटवर थाप मारून म्हणाला, "शेठ, आ गाडी नथी, हत्ती छे हत्ती! पाणी पिवडावो ने चलावो."

"हत्तीले आमनाकडे काम नही," आबा म्हणाले. "आमले बैल पाहिजे."

आबांनी मोटारी कशा बघितल्या ते मला अजून दिसतं. त्यांनी आधी लांब उभं राहून तिघींची उंची ताडली. मग जवळ जाऊन चाकांना हात लावला, पत्र्यावरून तळवा फिरवला, आणि दोन्ही हिरव्या गाड्यांच्या मधे उभे राहून एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघितलं. काकांना म्हणाले, "जोडी जमस."

मला हसू आलं नाही. जोडीचा विचार शहाणपणाचा होता. एकसारख्या दोन गाड्या असल्या तर एकीचा भाग दुसरीला बसतो, हे मीही सुरतेला ऐकलं होतं. माझं दुखणं वेगळंच होतं. आबा गाड्यांच्या बाहेरून हात फिरवत होते आणि आत बसणाऱ्या दादाचा विचार तिथं कुणीच करत नव्हतं. तो स्वतःही नाही. तो टपरीवर चहा पीत व्यापाऱ्याच्या ड्रायव्हरशी हसत बोलत होता.

आसपासच्या पाड्यांवरच्या मजुरांनी नदीतली वाळू पोत्यांत भरून तिन्ही गाड्यांत घातली. आमच्या मालाइतकं ओझं झालं. मग एकेक गाडी घाट चढायला निघाली. चालवायचा व्यापाऱ्याचा ड्रायव्हरच. बैलबाजारात सौदा होईपर्यंत कासरा विकणाऱ्याच्याच हातात असतो, तीच रीत इथंही धरली होती. आबा, काका, दादा आणि मी मागं वाळूच्या पोत्यांवर बसलो; एक गाडी माथ्यावर ठेवली की दुसरीसाठी उतरणाऱ्या एखाद्या लॉरीतून खाली यायचं.

आबांची परीक्षा कडक होती. घाटाच्या अर्ध्यावर, ऐन चढावर, ते पत्र्यावर काठी आपटून गाडी थांबवायला लावायचे. तिथून ओझ्यासकट पुन्हा उचलायची. बैलाची हीच परीक्षा असते. चढावर थांबलेली गाडी जो बैल पुन्हा ओढतो तो खरा.

पहिली हिरवी थांबली. थांबताक्षणी काकांनी मागून उडी मारली, रस्त्याकडेचा दगड उचलला आणि मागच्या चाकाला लावला. गाडी पुन्हा उचलली, तेव्हा काका मागून चालत आले आणि उडी मारून वर बसले. दुसरी हिरवीही तशीच थांबली, काकांनी दगड लावला, तीही उचलली. निळी उचलताना तिच्या तोंडातून वाफ आली आणि माथ्यावर पोचेपर्यंत पाणी उकळायला लागलं. आबांनी तिच्याकडे पाठच फिरवली.

माथ्यावर सगळे उतरलो. तिथं रस्ता जरा रुंद आहे. गाडीवान, लाकडं नेणारी माणसं, घाटातून चाललेले दोन-चार प्रवासी, असे बरेच लोक बघायला थांबले होते. व्यापारी खूश होता. आबा खूश होते. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढून झटकला. आता दोघांचे हात रुमालाखाली जाणार, बोटांनी भाव ठरणार, आणि एकदा बोटं जुळली की विषय संपला. आमच्याकडे रुमालाखालचा शब्द फिरवलेला माणूस पुन्हा बाजारात उभा राहत नाही.

आणि मी बघितलं, व्यापाऱ्याचा ड्रायव्हर दुसऱ्या हिरव्या गाडीच्या चाकाखालचा दगड आणखी आत सरकवत होता. जमीन जवळजवळ सपाट होती. पहिलीला त्यानं दगड लावला नव्हता. निळीलाही नाही.

माझ्या डोक्यात आलं ते पुस्तकातलं नव्हतं. पुस्तकात मी मोटारीबद्दल एक अक्षर वाचलेलं नाही. सुरतेच्या रस्त्यांवर चार वर्षं मोटारी उभ्या राहिलेल्या बघितल्या होत्या, पुलाच्या उतारावरसुद्धा. त्यांच्या चाकाला कुणी दगड लावत नाही. दगड बैलगाडीला लागतो. आम्ही जन्माचे गाडीवान. गाडी चढावर थांबली की हात आपोआप दगडाकडे जातो. काकांनी तिन्ही गाड्यांना तो लावला आणि आम्हा कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. गाडी ओढते कशी ते आम्ही डोळे फाडून बघितलं. गाडी धरते का, हे बघायचं राहूनच गेलं होतं.

"आबा, थांबा," मी म्हणालो. "रुमाल टाकू नका."

आबांच्या सौद्यात मधे बोलायची हिंमत घरात कुणाची नव्हती. पदवी नसती तर माझीही झाली नसती. ते रुमाल हातात धरूनच वळले. "काबरं?"

"गाडी उभी ऱ्हास का नही, ते कोनी दखं?"

"उभी तर व्हती! मी सोता दखं."

"दगडवर उभी व्हती, आबा."

काकांना राग आला. "मंग दगड नही लावाना? चढवर गाडी उभी करी आन दगड नही लावना, आसं कोनता शहाना करस?"

लोक हसले. व्यापारीही हसला. आबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "साहेबने बीक लागे छे." भिणं हा शब्द ओळखायला गुजराती यावं लागत नाही. सगळ्यांना कळलं.

"हो, लागस," मी म्हणालो. "दोन्ही गाड्या ओझासंगे उतारवर नेवा. मधमा थांबाडा. दगड लावू नका. थांबन्यात तं ल्या."

व्यापाऱ्याचं हसू तिथंच आटलं. तो म्हणाला, माझा ड्रायव्हर थकला आहे, जेवलेला नाही, सौदा होऊ द्या मग हवं ते करा. आबा माझ्याकडे बघत राहिले. त्यांना अपमान वाटला होता, चारचौघांत वाटला होता. पण ते रीतीचे होते. हळूच म्हणाले, "आपली रीत तुले माहीत शे. खोट जो काढस, कासरा तो धरस."

बैलबाजारात हे चालतं. बैलात खोट आहे असं म्हणणाऱ्यानंच तो बैल जुंपून दाखवायचा, नाहीतर तोंड मिटायचं. मला मोटार चालवता येत नव्हती. मी काही बोलायच्या आत दादा पुढे झाला आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला,

"मी चालाडस. हाऊ मन्हा बाजूले बठी."

ज्याला त्या गाडीपासून लांब ठेवावं म्हणून मी तोंड उघडलं, तोच आता ती घेऊन ओझ्यासकट घाट उतरणार होता. आणि तो उतार मीच मागितला होता.

पहिली हिरवी आधी. आबा आणि काका पुढे चालत गेले आणि पहिल्या वळणाखाली, जिथं रस्ता दरीकडे रुंद होतो, तिथं उभे राहिले. दादानं गाडी सोडली. मी दोन्ही हातांनी दार धरलं होतं. वळण आलं, दादानं ब्रेक दाबला, गाडी कुरकुरली आणि ऐन उतारावर उभी राहिली. हलली नाही. काका सवयीनं दगड उचलायला वाकले.

"ठेव तो दगड!" आबा ओरडले.

आम्ही गाडी त्या रुंद जागेत उभी केली आणि दुसरी आणायला पायीच वर निघालो. दादा आणि मी, दोघंच. थोडं चढल्यावर दादा म्हणाला, "तुले खरंच वाटस का, दुसरी खोटी शे?"

"माले माहीत नही, दादा. माले भ्याव वाटस."

"माले बी," तो म्हणाला.

दादाच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकत होतो. मी थांबलो. "मंग नको जावाले. मी सांगस आबाले."

"आते कसं नको? सगळा दखी ऱ्हायनात." तो हसला, पण ओठ कोरडे होते. "आन तू बी. ए. शे. तुन्हा शब्द खोटा पडाले नको."

त्याला थट्टा करायची होती. मला ती चटका लागल्यासारखी लागली. मी तेव्हा त्याला हाताला धरून ओढायला हवं होतं असं पुढे खूप वेळा वाटलं. त्या वेळी मात्र पाय चालतच राहिले, त्याचेही आणि माझेही.

दुसरी हिरवी. ड्रायव्हरनं दगड काढला आणि आमच्याकडे न बघता बाजूला झाला. दादानं गाडी खालच्या गिअरमधे टाकली. सुरुवातीला ती शांतपणे उतरली. मला वाटलं, देवा, मी उगाच घाबरलो, लोक हसतील, हसू देत. वळणाच्या जरा अलीकडे दादानं ब्रेकवर पाय दिला.

पाय खाली गेला. तळापर्यंत गेला. गाडीला त्याचा पत्ताच नव्हता.

दादानं पुन्हा दाबला. पुन्हा. त्यानं हँडब्रेक ओढला, तो मोट सुटलेल्या दोरासारखा सैल वर आला. गिअर घरघरला, मग त्यातून असा आवाज निघाला की माझे दात शिवशिवले, आणि गाडी एकदम मोकळी झाली. मागची वाळू आता आम्हाला ढकलत होती. आम्ही वळलो तेव्हा डावीकडची चाकं जमिनीवर होती की नाही ते मला सांगता येणार नाही. दारातून खाली सागाचे शेंडे दिसले.

आणि समोर, रुंद जागेत, पहिली गाडी. तिच्या पुढ्यात, रस्त्याच्या मधोमध, आबा आणि काका. आम्ही कसे थांबतो ते बघायला उभे.

"सरका!" दादा ओरडला. "आबा, सरका!"

ते सरकले नाहीत. सरकायचं असतं हे त्यांना कळलंच नाही. बिथरलेल्या बैलापुढे आमच्याकडचा माणूस हात पसरून उभा राहतो, पळत नाही. आबांनी दोन्ही हात पसरले.

मी डोळे मिटले असं मी कधी कधी सांगतो. ते खरं नाही. डोळे मिटायची ताकद नव्हती. मी आबांचे पसरलेले हात बघत होतो. दादानं सगळं अंग टाकून स्टेअरिंग डोंगराकडे फिरवलं. पुढचं चाक पाण्याच्या चरात गेलं, पत्रा खडकावर घासत गेला, माझं डोकं छताला आपटलं, आणि मग सगळं तिरकं होऊन थांबलं. मागच्या फळीतून एक पोतं फुटून पुढे आलं. वाळू माझ्या मानेवरून, सदऱ्यात, मांडीवर सळसळत सांडत राहिली. दुसरा आवाजच नव्हता.

"भो," दादा म्हणाला. "शे का तू?"

"शे."

"मंग मन्हा हात सोडाड. सुटी नही ऱ्हायनात."

त्याची बोटं स्टेअरिंगला आवळलेली होती. मी ती एकेक करून सोडवली. ती थंडगार होती.

दार आबांनी उघडलं. पायात वहाणा नव्हत्या, धावताना कुठंतरी गेल्या होत्या. त्यांनी गाडीकडे बघितलंच नाही. आम्हाला बाहेर ओढून रस्त्याकडेला बसवलं आणि पडलेल्या बैलाला चाचपतात तसं दादाला चाचपलं. घोटे, गुडघे, कोपरं, मनगट. "हालाड. आखो हालाड." मग मला. माझ्या डोक्याला टेंगूळ आलं होतं, त्यावर त्यांनी तळवा दाबून धरला. काका जरा लांब, दगडावर बसून रडत होते, मोठ्यानं, लहान मुलासारखे.

एवढ्यात व्यापारी वरून धापा टाकत आला, मागोमाग बघेही आले. आधी त्यानं चेपलेला पत्रा बघितला. मग सगळा दोष दादाच्या चालवण्यावर टाकत म्हणाला, "तमारा ड्रायव्हरने ब्रेक मारता नथी आवडतुं, शेठ. नुकसान तमारुं."

आबा उठले. मला वाटलं, आता काठी उचलतात. ते अगदी शांतपणे म्हणाले, "ती निळी शे ना वर? चाल, तिन्हामा तू बठ. ओझासंगे खाले ये. मी बठस तुन्हा बाजूले. तठून मंग नुकसानीनी गोठ करू."

व्यापाऱ्यानं वर बघितलं, दरीकडे बघितलं. मला घाटात चक्कर येते, असं काहीतरी पुटपुटला. बघे आता त्याला हसायला लागले. नुकसानीचा शब्द त्यानं पुन्हा काढला नाही.

पहिली हिरवी आम्ही घेतली. आबांनी तिथंच उतारावर, अनवाणी, रुमाल टाकला. जोडी मोडली होती आणि त्यांना ते लागलं होतं. सौदा झाल्यावर ते त्या एकट्या गाडीभोवती फिरले आणि म्हणाले, "हिन्हा जोडीदार मंग दखसूत. तू दखशी." हे ते मला म्हणाले. शाबासकी नाही, काही नाही. नुसतं काम दिलं.

लोक पुढे सांगायचे, शिकलेल्या पोरानं खोट ओळखली. मला ते ऐकायला आवडायचं, नाही कशाला म्हणू. पण ओळखलं भीतीनं. आणि त्याच भीतीनं दादाला त्या गाडीत बसवलं. या दोन गोष्टी मला आजवर वेगळ्या करता आलेल्या नाहीत.

परतीला निघालो. दादा चालवत होता, मी बाजूला, आबा आणि काका मागं. वाळू उतरवली होती, गाडी हलकी होती, ब्रेक चांगला होता. तरी विसरवाडी सोडल्यावर रस्त्याला एक छोटासा उतार लागला, बैलगाडीलाही जाणवणार नाही असा, आणि माझा पाय आपोआप समोरच्या पत्र्यावर गच्च दाबला गेला. पुढच्या उतारावर पुन्हा. दादानं खाली बघितलं.

"तठे ब्रेक शे का तुन्हा?"

"नही."

"मंग काबरं दाबस?"

पाय काढावा म्हटलं तर निघेना. दादानं वेग कमी केला. त्याचा चेहरा अजून पांढराच होता.

"दाब, दाब," तो म्हणाला. "माले बी तेवढाच आधार."